परदेशी शेअर घेण्यापूर्वी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

परदेशी शेअरमधील गुंतवणुकीविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत ‘कोणता शेअर घ्यावा’ असे विचारले आहे. या सदरात त्या प्रश्नाआधीच्या प्रश्नांना जागा दिली आहे. पैसे कोणत्या मार्गाने जातात, त्यावर कर कुठे लागतो, विवरणपत्रात काय दाखवावे लागते आणि आपल्यामागे ते शेअर कोणाला व कसे मिळतात, हे पहिला डॉलर पाठविण्यापूर्वी ठरवायला हवे.

प्रश्न : मी कोल्हापुरात माध्यमिक शिक्षिका आहे. भारतीय म्युच्युअल फंडांत माझी एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक, चालू आहे. आता दरमहा दहा हजार रुपये अमेरिकी शेअरमध्ये गुंतवावेत असा विचार आहे. ॲपवर खाते उघडून ॲपल, मायक्रोसॉफ्ट असे शेअर थेट घ्यावेत का?

उत्तर : आपला विचार योग्य आहे, पण या रकमेसाठी थेट खाते हा मार्ग मला योग्य वाटत नाही. थेट खात्यात पैसे पाठविताना बँकेचे शुल्क, रुपयाचे डॉलर करताना बँक लावते तो दरातील फरक आणि त्यावरचा जीएसटी असा खर्च दर वेळी येतो. यातला काही भाग रकमेवर अवलंबून नसतो. समजा, एकदा पैसे पाठविण्याचा एकूण खर्च हजार रुपये आला, तर एक लाखावर तो एक टक्का होईल आणि दहा हजारांवर दहा टक्के. शेअरने वर्षभरात चांगला परतावा दिला तरी तो हा खर्च भरून काढण्यातच संपेल. थेटच घ्यायचे असतील तर पैसे इथे साठवून वर्षातून एकदा किंवा दोनदा पाठवावेत.

आपल्यासाठी सोपा मार्ग म्हणजे परदेशी निर्देशांकात, म्हणजे तिथल्या निवडक कंपन्यांच्या ठरलेल्या यादीत, गुंतवणूक करणारा भारतीय म्युच्युअल फंड. त्यात आपण रुपये देता आणि परदेशी शेअर फंडाच्या नावावर राहतात, त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या परकीय चलन पाठविण्याच्या मर्यादेशी आपला संबंध येत नाही आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ताही भरावा लागत नाही. या मार्गाची एक अडचण मात्र नीट समजून घ्यावी. सर्व भारतीय म्युच्युअल फंडांना मिळून परदेशी शेअरमध्ये ७ अब्ज डॉलर आणि परदेशी ईटीएफमध्ये (शेअरप्रमाणे बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडांत) १ अब्ज डॉलर एवढीच गुंतवणूक करता येते. पहिली मर्यादा २०२२ च्या सुरुवातीला भरत आली, तेव्हा सेबी या बाजार नियामकाने फंडांना नवी गुंतवणूक थांबवायला सांगितले. जून २०२२ पासून, फेब्रुवारीतील पातळी न ओलांडता, ती पुन्हा करायला परवानगी मिळाली. एप्रिल २०२४ पासून परदेशी ईटीएफमध्ये गुंतविणाऱ्या योजनांवरही अशीच वेळ आली. म्हणून अनेक योजना कधी नवे पैसे घेतात, कधी बंद असतात, तर कधी एसआयपीच्या रकमेवर मर्यादा घालतात. योजना निवडताना ती सध्या पैसे घेते का, हे फंडाच्या संकेतस्थळावर पाहावे.

याच कारणाने शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारे, परदेशी निर्देशांकाचे भारतीय ईटीएफ पुष्कळदा आपल्या मूळ मूल्यापेक्षा महाग विकले जातात. नवी युनिट तयार होत नाहीत आणि मागणी मात्र वाढते, तेव्हा १०० रुपयांच्या मालमत्तेसाठी ११० रुपये मोजण्याची पाळी येऊ शकते. पुढे मर्यादा उठली की हा जादा भाव नाहीसा होतो आणि अमेरिकी बाजार स्थिर असूनही आपले नुकसान होते. खरेदीपूर्वी ईटीएफचे सूचक निव्वळ मूल्य, म्हणजे त्याच्या एका युनिटमागील मालमत्तेची अंदाजे किंमत, आणि बाजारभाव शेजारी ठेवून पाहिले की हे टळते.

एकेका कंपनीच्या शेअरऐवजी निर्देशांक का सुचवितो, तेही सांगतो. ॲपल किंवा मायक्रोसॉफ्ट या उत्तम कंपन्या आहेत याबद्दल वाद नाही, परंतु आपल्याला माहीत असलेली नावे ही आधीच मोठी झालेली नावे असतात आणि त्यांच्या भावात पुढच्या अपेक्षाही मिसळलेल्या असतात. निर्देशांकही घसरतोच. २०२२ या एका वर्षात नॅसडॅक १०० हा अमेरिकी निर्देशांक सुमारे एकतृतीयांशाने खाली आला. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ वर होता आणि ती पातळी ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. जिथे एवढ्या प्रगत देशाचा बाजार ३४ वर्षे मागची उंची गाठू शकत नाही, तिथे परदेशातील गुंतवणूकही एकाच देशात किंवा एकाच क्षेत्रात कोंडू नये. नवख्या गुंतवणूकदाराने आपल्या एकूण शेअर गुंतवणुकीच्या दहा ते पंधरा टक्के एवढ्यावर थांबावे, असे माझे मत आहे, आणि दहा वर्षे हात लावावा लागणार नाही असेच पैसे त्यात घालावेत.

प्रश्न : वर्षाला किती पैसे परदेशी शेअरसाठी पाठविता येतात? बँकेने २० टक्के कापून घेतले तर ते बुडाले असे समजायचे का? (एक व्यावसायिक, नाशिक)

उत्तर : रिझर्व्ह बँकेने ही सवलत फेब्रुवारी २००४ मध्ये वर्षाला २५,००० डॉलर एवढ्यावर सुरू केली. ती आज एलआरएस या नावाने ओळखली जाते आणि तिची मर्यादा प्रत्येक निवासी व्यक्तीला दर आर्थिक वर्षी २,५०,००० डॉलर आहे. प्रवास, शिक्षण, भेट, गुंतवणूक अशा सर्व कारणांची रक्कम यातच मोजली जाते आणि सर्व बँकांतील रक्कम पॅनवरून एकत्र होते. बँकेत ए-२ हा फॉर्म भरताना परदेशी शेअरसाठीचा उद्देश-क्रमांक एस०००१ आहे, तो बरोबर लिहावा. उधारीवर, म्हणजे मार्जिनवर, व्यवहार करण्यासाठी या योजनेतून पैसे पाठविता येत नाहीत. तसेच न गुंतविलेले पैसे १८० दिवसांत परत आणावे लागतात, त्यामुळे ‘भाव पडल्यावर घेऊ’ म्हणून डॉलर तिथे अनिश्चित काळ पडून ठेवणे नियमात बसत नाही.

कापलेली रक्कम बुडत नाही. तो टीसीएस, म्हणजे पाठवितानाच गोळा केलेला आगाऊ कर आहे. एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही. गुंतवणुकीसाठी त्यापुढील रकमेवर २० टक्के लागतो. आपण १२ लाख पाठविले तर वरच्या २ लाखांवर ४०,००० रुपये घेतले जातील आणि ते विवरणपत्रात आपल्या करातून वजा होतील किंवा परत मिळतील. नोकरदारांना ही रक्कम मालकाला कळवून पगारातून होणारी कपात कमी करून घेता येते. खरे नुकसान एवढेच की तोवर ते पैसे अडकून पडतात. म्हणून मोठी रक्कम असेल तर ती ३१ मार्चच्या अलीकडे आणि पलीकडे अशी दोन आर्थिक वर्षांत विभागावी.

प्रश्न : मी पुण्यात एका अमेरिकी कंपनीच्या कार्यालयात काम करते. कंपनीने दिलेले शेअर अमेरिकी ब्रोकरकडे आहेत. त्यांवरचा कर पगारातून कापला गेला आहे, म्हणून मी विवरणपत्रात वेगळे काही दाखविले नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि आपल्यासारख्या स्थितीत हिंजवडी-खराडीतील पुष्कळ नोकरदार असतील, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो. शेअर आपल्या नावावर आले त्या दिवशीच्या बाजारमूल्यावर पगार म्हणून कर लागला, ही गोष्ट वेगळी. त्यानंतर ते शेअर ही आपली परदेशी मालमत्ता झाली, आणि भारतातील निवासी व सामान्य निवासी (म्हणजे मागील काही वर्षेही मुख्यतः भारतातच राहिलेल्या) करदात्याला अशी मालमत्ता विवरणपत्रातील ‘शेड्यूल एफए’ या तक्त्यात दाखवावीच लागते, मग त्यातून एक रुपयाही उत्पन्न झाले नसले तरी. हा तक्ता विवरणपत्राच्या आयटीआर-१ किंवा ४ या नमुन्यांत नसतो. आयटीआर-२ किंवा ३ भरावा लागतो. त्यात माहिती आर्थिक वर्षाची नव्हे तर १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या कॅलेंडर वर्षाची द्यायची असते, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात.

ही माहिती लपून राहत नाही. भारत आणि अमेरिका यांच्यात खात्यांच्या माहितीच्या देवाणघेवाणीचा करार २०१५ मध्ये झाला आहे आणि इतर अनेक देशांकडूनही अशी माहिती दरवर्षी येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्राप्तिकर विभागाने याच माहितीच्या आधारे करदात्यांना संदेश पाठवून विवरणपत्रे सुधारण्यास सांगितले होते. काळ्या पैशाविषयीच्या २०१५ च्या कायद्यानुसार तक्ता न भरल्यास वर्षाला १० लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्तांचे एकूण मूल्य २० लाखांच्या आत असेल तर या दंडातून सूट आहे, परंतु तक्ता भरण्याची जबाबदारी त्याने संपत नाही. चालू विवरणपत्र सुधारण्याची मुदत असेल तर ते आधी सुधारावे आणि मागील वर्षांसाठी परदेशी मालमत्तेचे काम केलेल्या सनदी लेखापालाला सर्व विवरणे दाखवावीत. घाबरून शेअर विकून खाते बंद केल्याने मागील वर्षांची नोंद पुसली जात नाही.

प्रश्न : नफा आणि लाभांश यांवर दोन्हीकडे कर भरावा लागतो का? माझ्यामागे पत्नीला हे शेअर सहज मिळतील ना? (निवृत्त अभियंता, नागपूर)

उत्तर : शेअर विकून झालेल्या नफ्यावर अमेरिका भारतीय निवाशाकडून सर्वसाधारणपणे कर घेत नाही, तो इथे लागतो. २४ महिन्यांहून अधिक काळ शेअर ठेवल्यास १२.५ टक्के, त्याआधी विकल्यास आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. भारतीय शेअरच्या दीर्घकालीन नफ्याला मिळणारी सव्वा लाखाची सूट इथे नाही. नफा रुपयांत मोजला जातो, हेही ध्यानात असावे. १,००० डॉलरचा शेअर ७५ रुपयांच्या दराने घेतला आणि ८५ च्या दराने १,००० डॉलरलाच विकला, तरी दहा हजार रुपये नफा धरला जातो.

लाभांशावर अमेरिका आधी कापते. आपण अमेरिकेचे नव्हे तर भारताचे निवासी आहोत हे सांगणारा डब्ल्यू-८बेन हा फॉर्म ब्रोकरकडे भरलेला असेल तर भारत-अमेरिका कर करारानुसार २५ टक्के, नसेल तर ३० टक्के. तोच लाभांश इथे आपल्या टप्प्याने करपात्र होतो आणि तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, मात्र त्या वजावटीचा दावा करणारा स्वतंत्र फॉर्म मुदतीत भरावा लागतो. आपण ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर इथे वरचे पाच टक्के भराल. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर तिथे जादा गेलेले पाच टक्के परत मिळणार नाहीत.

आपल्या दुसऱ्या प्रश्नासाठी मी आपला आभारी आहे, कारण या बाबीकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. भारतात वारसा कर नाही, पण अमेरिकेत आहे, आणि तो अमेरिकी कंपन्यांचे शेअर धारण करणाऱ्या परदेशी व्यक्तीच्या मृत्यूनंतरही लागू होतो. अमेरिकी नागरिकांना मिळणारी मोठी सूट आपल्याला मिळत नाही. आपली सूट केवळ ६०,००० डॉलर आहे, आणि या कराबाबत भारत-अमेरिका करारही नाही. एखाद्याच्या निधनसमयी १,००,००० डॉलरचे अमेरिकी शेअर असतील तर इतर वजावटी न धरता सुमारे १०,८०० डॉलर कर होतो, आणि मोठ्या रकमांवर दर ४० टक्क्यांपर्यंत चढतो. विवरण नऊ महिन्यांत द्यावे लागते आणि तिथल्या कर खात्याचे प्रमाणपत्र येईपर्यंत ब्रोकर खाते गोठवून ठेवू शकतो. शोकाच्या काळात वयस्कर पत्नीवर हा भार पडू नये, यासाठी थेट घेतलेली अमेरिकी गुंतवणूक ६०,००० डॉलरच्या आत ठेवावी असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. त्यापुढील रक्कम भारतीय फंडांमार्फत किंवा आयर्लंडमध्ये नोंदलेल्या ईटीएफमध्ये ठेवता येते, कारण ती अमेरिकी मालमत्ता मानली जात नाही. मृत्युपत्रात परदेशी खात्याचा स्पष्ट उल्लेख करावा, आणि ब्रोकरचे नाव, खाते क्रमांक व वार्षिक विवरणे पत्नीला माहीत असलेल्या जागी कागदावर ठेवावीत.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत आहे. त्याच्या खात्यातून माझ्यासाठी शेअर घेतले तर हा सगळा खटाटोप वाचेल का? (गृहिणी, ठाणे)

उत्तर : खटाटोप वाचणार नाही, केवळ मालकी धूसर होईल. मुलाला पाठविलेले पैसेही एलआरएसच्या मर्यादेत आणि टीसीएसच्या हिशेबात येतात. भेट म्हणून दिले तर ते पैसे आणि त्यांतून घेतलेले शेअर त्याचे होतात, त्यांवरील कर तो अमेरिकेत भरेल आणि वर्षात परदेशातून मिळालेली भेट १,००,००० डॉलरपेक्षा अधिक असेल तर त्याला तिथे ती कळवावी लागेल. शेअर त्याच्या नावावर आणि खरी मालकी आपली, अशी व्यवस्था असेल तर परदेशी मालमत्ता दाखविण्याची जबाबदारी आपल्यावरच राहते. मुलाला द्यायचे असेल तर मनापासून भेट द्यावी. स्वतःसाठी घ्यायचे असेल तर खाते आपल्याच नावावर उघडावे.

प्रश्न : टेलिग्रामवरील एका गटाने परदेशी शेअर व चलनाच्या व्यवहारासाठी एका खात्यात यूपीआयने पैसे भरायला सांगितले आहे. ॲपवर नफाही दिसतो. पुढे जावे का? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : अजिबात जाऊ नये. परदेशी शेअरसाठीचे पैसे आपल्याच बँक खात्यातून, पॅन आणि ए-२ फॉर्म देऊन, आपल्याच नावाच्या परदेशी खात्यात जातात. एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर कधीच जात नाहीत. ॲपवरचा नफा हा केवळ पडद्यावर दाखविलेला आकडा असतो आणि तो काढायला गेल्यावर ‘कर’ किंवा ‘शुल्क’ म्हणून आणखी पैसे मागितले जातात. परवानगी नसलेल्या चलन व्यवहारांच्या मंचांची यादी रिझर्व्ह बँक आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करते, पण यादीत नाव नाही म्हणजे तो मंच अधिकृत आहे, असे समजू नये. पैसे दिले गेले असतील तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही लगेच लेखी कळवावे, कारण पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखले जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.