पाचही घरं एकमेकांची वाट बघतायत

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी पाचवीत, सहावीपासून घराजवळची सरकारी शाळा घ्यायची की लांबची प्रायव्हेट, शेजारच्या चार घरांतही हाच घोळ, आणि शेवटी तुमचा प्रश्न, की या सरकारी शाळेत घातलं तर पुढे करिअरचं नुकसान तर नाही ना होणार?

आधी त्या शेवटच्याचं सांगते. अकरा वर्षांच्या मुलीचं करिअर शाळेच्या नावावर ठरत नसतं हो. सहावी ते आठवी या तीन वर्षांत दोन गोष्टी मात्र पक्क्या व्हायला लागतात, एक म्हणजे आपलं आपण वाचून समजणं आणि दुसरं अपूर्णांक, गुणोत्तर, थोडं बीजगणित. माझ्याकडे दहावीनंतर 'मॅथ्स नको' म्हणत मुलं येतात ना, जरा खोदून विचारलं की बहुतेकांची गाडी सहावी-सातवीच्या अपूर्णांकांवरच अडकलेली निघते. त्यामुळे सहावीला गणित कोण शिकवतं हे मला आधी ऐकायचं होतं, नेमकं तेच पत्रात नाहीये.

सरकारी शाळेचा रिझल्ट कमी लागतो म्हणता. असेल, पण तो आकडा शाळेत काय शिकवलं यापेक्षा शाळेत कोण येतं हेच जास्त सांगतो. 1966 साली अमेरिकेत जेम्स कोलमनच्या टीमचा मोठा रिपोर्ट आला होता, त्यातही मुलांच्या मार्कांतला फरक शाळेच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळत होता. म्हणून विचारायचं ते हे, की सहावीत आलेली तीच मुलं आठवीत जाईपर्यंत किती पुढे सरकली.

आता शेजाऱ्यांचं, कारण खरी गोम तिथेच आहे. 'ते घालणार असतील तर आम्हीही घालू' असं तुम्ही लिहिलंय. ते पण घरी हेच बोलत असणार! थॉमस शेलिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1971 मध्ये वस्त्यांबद्दल दाखवलं होतं की कुणीही टोकाचा हट्टी नसला तरी 'आपल्यासारखी थोडी माणसं असावीत' एवढ्यावरच एकामागून एक घरं हलतात आणि अख्खी वस्ती बदलून जाते. शाळांचंही मला तसंच दिसतं. मी पण तेच केलंय, खोटं कशाला बोलू, दोन घरं जातायत बघून मुलाला लांबच्या शाळेत घातलं, तास जायला तास यायला, वर्षाचे 200 दिवस धरा, 400 तास बसमध्ये, आणि ती दोन घरं पुढच्याच वर्षी दुसरीकडे शिफ्ट झाली.

तर पाचही घरं मिळून शाळेत जाऊन या. गॅदरिंगच्या दिवशी नको, साध्या मंगळवारी, आधी विचारून. गणिताची एखादी वही मागून बघा. नुसत्या बरोबरच्या लाल खुणा आणि खाली सही असेल तर समजायचं ते समजा. चुकलेल्या स्टेपला गोल करून 'परत कर' लिहिलंय आणि पोराने खरंच खाली परत केलंय असं दिसलं तर ती शाळा मी सहज सोडणार नाही. लायब्ररीच्या रजिस्टरमध्ये शेवटची नोंद कधीची तेही बघा. मुलींच्या टॉयलेटला आतून कडी आहे का, हे बाईंना नाही, पोरींना विचारा, कारण कडी नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मुली मला भेटल्यात.

गणिताची जागा रिकामी असेल आणि कधी भरणार याला धड उत्तर नसेल तर शेजारची दहा घरं गेली तरी तुम्ही घालू नका. तसं नसेल तर ज्यांना पटलं त्यांनी एकाच दिवशी जाऊन फॉर्म भरा, 'तुम्ही भरा मग बघतो' वालं परत सुरू करू नका. आणि त्या मंगळवारी लेकीलाही न्या, वही तिच्याच हातात द्या, सरांनी समजावून लिहिलेलं तिला कळतंय का ते ती तिथेच सांगेल.