उजनीचा रॉड तीर्थनला चालेल का? सामान घेण्याआधी हे वाचा

तुम्ही लिहिलंय की एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भावाबरोबर हिमाचलात तीर्थन खोऱ्यात ट्राउट माशासाठी जाताय, आजवर फक्त उजनीवर रोहू-कटल्याला गळ टाकलाय, आणि एक दुकानदार आठ फुटी रॉड, ४००० आकाराचं मोठं रील आणि जाड ब्रेड (विणलेली लाइन) असा ‘ट्राउट कॉम्बो’ घ्याच म्हणून मागे लागलाय. हे वाचून राहवलं नाही. जवळजवळ हाच सेट, याच नावाने, मलाही विकला गेला होता. दुकानाचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका.

परवाना कुठे मिळतो, हंगाम कधी बंद असतो, गाठी कशा मारायच्या हे तुम्हाला माहीत असणार, म्हणून ते सोडून देतो.

रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरात कास्टिंग वेट, म्हणजे तो किती वजनाचं आमिष फेकायला बनवलाय ते, छापलेलं असतं. सगळं त्या एका आकड्यावर आहे. माझ्या सेटमधल्या रॉडवर २०–६० ग्रॅम लिहिलं होतं. आता तीर्थनच्या ब्राउन ट्राउटला जे स्पिनर (पाण्यात फिरणाऱ्या पात्याचं धातूचं आमिष) लागतात त्यांची वजनं बघा: मेप्स कंपनीचा १ नंबर साडेतीन ग्रॅम, २ नंबर साडेचार ग्रॅम. फेकताना रॉड आधी मागे वाकतो आणि सरळ होताना आमिष पुढे नेतो. साठ ग्रॅमसाठी बनवलेला रॉड साडेतीन ग्रॅमला वाकतच नाही. हाताने कितीही झटका दिला तरी स्पिनर पुढच्याच दगडापाशी पडतो, त्यात जाड लाइन त्याला आणखी मागे ओढते. उजनीवर हे कधी जाणवत नाही, कारण तिथे शिसं आणि पिठाचा गोळा मिळून वजन आपोआप भरतं.

तीर्थनहून दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, “पुढे शिसं लावा.” लावलं. तीर्थनचं पाणी एप्रिलमध्ये काचेसारखं असतं, डोह पुष्कळदा मांडीइतकेच. त्यात शिसं धप्पकन पडलं की डोहातला मासा दगडाखाली जातो आणि बराच वेळ बाहेर येत नाही. शिवाय शिसं दगडांच्या फटीत अडकतं, तंगूस तोडावा लागतो, स्पिनर जातो. सहलीचा चांगला भाग यातच गेला. परत आल्यावर दुकानाने सांगितलं की लाइन भरलेलं रील परत घेत नाही. लाइन त्यांनीच न विचारता भरली होती. बिलावर फक्त ‘फिशिंग सेट’ लिहिलेलं, त्यामुळे भांडायला हातात काहीच नव्हतं. पैशांपेक्षा रजेचं दुःख जास्त. नोकरीतून आठवडाभर सुटका मिळवायची, दिल्ली-चंदीगड करत औटला उतरायचं, पुढे बंजार, मग गुशैनी, आणि नदीवर जाऊन रॉडशी झगडत बसायचं. माणसाने ‘हिमाचल, लहान नदी, ट्राउट’ असं स्पष्ट सांगूनही त्याला समुद्रकाठचा रॉड देणं याला मी चूक म्हणत नाही, फसवणूक म्हणतो. म्हणून कुठूनही घ्या, पण बिलावर रॉडची लांबी, कास्टिंग वेट आणि रीलचा आकार लिहून घ्या. लिहून द्यायला नकार मिळाला तर तिथून उठा.

घ्यायचं काय, तर साडेसहा फुटांच्या आसपासचा, २–१० ग्रॅमचा स्पिनिंग रॉड, शक्यतो चार तुकड्यांचा, म्हणजे चेक-इनच्या बॅगेत मावतो (गळ आणि स्पिनर केबिनमध्ये नेऊ नका). १००० किंवा २००० चं रील. सहा पौंड ताकदीची साधी मोनो (एकपदरी नायलॉन) लाइन. उजनीच्या सवयीने सहा पौंड म्हणजे धागा वाटेल, पण रीलचा ड्रॅग (मासा ओढताना लाइन सोडणारा ब्रेक) सैल ठेवलात तर पुरतो. स्पिनर फिरताना लाइनला पीळ पडतो, म्हणून दीड-दोन फूट वर अगदी लहान स्विव्हल (फिरती कडी) लावा. खर्च रील आणि लाइनवर करा. रॉड मध्यम किमतीचा चालतो, असं आपलं माझं मत. इतरांचं वेगळं असेल.

फ्लाय फिशिंगचंही विचारलंय. पहिल्या सहलीला नको, असं मी ठामपणे सांगेन. तिथे आमिषाला वजन नसतं, लाइनचंच वजन फेकायचं असतं. ५ नंबरच्या (हा नंबर वजनाचा) लाइनचे पहिले तीस फूट साधारण ९ ग्रॅम भरतात आणि रॉडही ५ नंबरचाच लागतो. हा मेळ आणि तो हात मैदानात गवतावर सराव केल्याशिवाय येत नाही. घ्यायचंच असेल तर ९ फुटी ५ नंबर, तरंगणारी लाइन, आणि १२ ते १६ नंबरच्या गळावरच्या, मणी लावलेल्या निम्फ (पाण्यातल्या किड्यासारखी नकली आमिषं). काश्मीरला जाणार असाल तर तिथे नदीचे बीट, म्हणजे ठरावीक पट्टे, पाडलेले असतात आणि परवाना बीटवार मिळतो. कुठल्या बीटवर काय चालतं ते आधी विचारा. मी लिहितोय ते तीर्थनपुरतं.

स्पिनरचा तिहेरी गळ काढून एकेरी लावा आणि पक्कडीने त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाका. ब्राउन ट्राउट इंग्रजांनी १९०९ च्या सुमारास कुलूत आणला, पण आता तो नदीत स्वतः वाढतो, थंडीत अंडी घालतो. तो पाण्यातच हात ओला करून सोडावा असं मला मनापासून वाटतं. खायचीच असेल तर खोऱ्यात शेततळ्यातली रेनबो ट्राउट मिळते.

बुटांबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. गुळगुळीत रबरी तळव्याचे गमबूट नकोत, फेल्टच्या (नमद्यासारख्या जाड कापडाच्या) तळव्याचे घ्या आणि हातात काठी ठेवा. दुपारनंतर वरचा बर्फ वितळून पाणी चढतं, गढूळही होतं, त्यामुळे ओलांडायची ती धार सकाळीच ओलांडा आणि परतीची वेळ ठरवून ठेवा.

दुकानदार दाखवतोय त्या रॉडच्या मुठीवरचा फोटो इथे टाका. आकडे बघून घ्यायचा की नाही ते सांगतो. तोवर आगाऊ पैसे देऊ नका.