चंद्राच्या मातीतून इंधन: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: चंद्रावरचा हेलियम-३ आणला की भारताची वीजटंचाई कायमची मिटेल, असा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. खरं आहे का? (निवृत्त शिक्षक, सांगली)

चंद्रावर हेलियम-३, म्हणजे हेलियमचं एक हलकं रूप, आहे, एवढंच त्यातलं खरं. सौर वाऱ्याबरोबर, म्हणजे सूर्यातून सुटणाऱ्या कणांच्या झोताबरोबर, आलेले त्याचे अणू अब्जावधी वर्षं वरच्या मातीत अडकत गेले. पण अपोलोच्या नमुन्यांत त्याचं प्रमाण अब्जात काही भाग एवढंच भरलं. अब्जात १० भाग धरले तरी एक किलोसाठी १ लाख टन माती उपसून तापवावी लागेल. बरं, एवढं करून तो वापरायचा कुठे? त्यातून वीज मिळते ती अणू एकत्र जोडून, म्हणजे संमीलनातून. ड्यूटेरियम (हायड्रोजनचं एक जड रूप) आणि हेलियम-३ यांच्या संमीलनाला ड्यूटेरियम-ट्रिटियमपेक्षा (ट्रिटियम हे हायड्रोजनचं त्याहून जड रूप) कितीतरी जास्त तापमान लागतं, आणि त्या सोप्या जोडीवर चालणारं वीजकेंद्रसुद्धा अजून उभं राहिलेलं नाही. अपोलो-१७ मधून चंद्रावर गेलेले भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट या कल्पनेचे जुने पुरस्कर्ते. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर आहे, पण माझा भरवसा दुसऱ्याच मूलद्रव्यावर आहे.

प्रश्न: माती तर जळत नाही. मग तिच्यातून इंधन काढणार म्हणजे नेमकं काय काढणार? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिक)

ऑक्सिजन. चंद्राच्या मातीच्या वजनात ४० ते ४५ टक्के तोच आहे, फक्त सिलिकॉन, लोह, ॲल्युमिनियम यांच्याशी घट्ट बांधलेला. तो इंधन नव्हे, इंधन जाळणारा, असं तुम्ही म्हणाल आणि ते बरोबरच आहे. पण रॉकेटच्या टाकीतलं वजन बघा. आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या क्रायोजेनिक टप्प्यात (ज्यात अतिथंड द्रव इंधन असतं) एका किलो हायड्रोजनमागे सुमारे पाच किलो द्रव ऑक्सिजन लागतो. म्हणजे हायड्रोजन पृथ्वीवरून नेला तरी सहापैकी पाच हिस्से ओझं वाचलं.

ऑक्सिजन काढण्याची सर्वांत जुनी युक्ती इल्मेनाइटची, म्हणजे लोह, टायटॅनियम आणि ऑक्सिजनच्या खनिजाची. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत असतं तेच खनिज. ९०० ते १००० अंश सेल्सिअसला त्यावर हायड्रोजन सोडला की पाण्याची वाफ, लोखंड आणि टायटॅनियम डायऑक्साइड मिळतं. पाण्याचं विघटन करून ऑक्सिजन ठेवायचा, हायड्रोजन पुन्हा भट्टीत. रसायन सोपं आहे, अडचण भूगोलाची. इल्मेनाइट मुबलक आहे ते चंद्रावरच्या काळ्या सपाट प्रदेशांत, आणि सगळ्यांना जायचंय दक्षिण ध्रुवाकडे. तिथली उंचवट्याची जमीन बहुतांश ॲनॉर्थोसाइट या फिकट खडकाची, त्यात इल्मेनाइट फारसं नाही. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरलाही तसल्याच मातीची खूण मिळाली.

तिथे मग सगळी मातीच १६०० अंशांच्या आसपास वितळवून तिच्यातून वीज सोडायची. खनिज कोणतं का असेना, धनाग्रावर (विजेच्या धन टोकावर) ऑक्सिजन सुटतो आणि खाली धातू साचतो. पण त्या रसात महिनोन् महिने टिकेल असं भांडं आणि असा धनाग्र बनवणं महाकठीण. वितळलेल्या कॅल्शियम क्लोराइड या मिठात माती बुडवून वीज सोडली तर ९५० अंशांत काम भागतं. युरोपीय अवकाश संस्था नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळेत यावर काम करते आहे. मला हीच वाट जास्त व्यवहार्य वाटते, फक्त मीठ वाया जाऊ देऊन चालणार नाही. ते पृथ्वीवरूनच न्यावं लागणार.

प्रश्न: ध्रुवावर बर्फ असताना माती भाजायची कशाला? (वाचक, पणजी)

बर्फ आहे, पण अशा विवरांत जिथे कधीच ऊन पडत नाही आणि तापमान उणे २०० च्याही खाली जातं. २००९ मध्ये नासाने केबियस विवरात रॉकेटचा रिकामा टप्पा आदळवला, तेव्हा उडालेल्या धुळीत सुमारे ५.६ टक्के पाणी आढळलं. तेही एकाच जागी, आणि या आकड्यातली अनिश्चितता जवळजवळ त्याच्या निम्मी.

खरी मेख विजेची. बर्फापासून इंधन करायचं तर पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करावे लागतात. एक किलो पाणी फोडायला आदर्श स्थितीतही ४.४ युनिट लागतात. नासाने २०२२ मध्ये ४० किलोवॉटच्या छोट्या अणुभट्टीच्या आराखड्यांची कंत्राटं दिली. तिची सगळी वीज याच कामाला लावली तरी दिवसाला दोनशेएक किलो पाणी फुटेल. या वेगाने एलव्हीएम-३ चा तो एक टप्पा भरायला सहा महिन्यांहून जास्त लागतील. खोदकाम, शिवाय हायड्रोजन उणे २५३ अंशांवर द्रव करणं, हा खर्च वेगळाच. सौर पॅनेल म्हणाल, तर ध्रुवाजवळच्या काही कड्यांवर वर्षातला बराच काळ ऊन असतं. पण सूर्य क्षितिजालगत फिरतो, त्यामुळे ती उंच आणि उभी बसवावी लागतील.

प्रश्न: तिथलं काढलेलं द्रव्य मालकीचं कोणाच्या? (वकील, छत्रपती संभाजीनगर)

१९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणताही देश चंद्राच्या जमिनीवर मालकी सांगू शकत नाही. मात्र द्रव्य काढलं म्हणजे आपोआप जमिनीवर दावा केला असं होत नाही, असं अमेरिकेच्या पुढाकाराने झालेला आर्टेमिस करार म्हणतो. भारताने त्यावर जून २०२३ मध्ये सही केली. रशिया आणि चीन त्यात नाहीत. तेव्हा तुमच्या व्यवसायबंधूंना पुढे भरपूर काम आहे.