वीज वितरण खासगी कंपनीकडे द्यावं की महावितरणकडेच राहावं?

सार्वजनिक सेवा खासगी कंपन्यांकडे द्याव्यात का, असा तुमचा प्रश्न सगळ्याच सेवांबद्दल आहे, पण एसटी, पाणी आणि वीज यांचं गणित वेगवेगळं असतं. म्हणून ज्या सेवेत महाराष्ट्राने दोन्ही प्रयोग करून पाहिले, त्या वीज वितरणापुरतंच उत्तर देतो.

आपल्याकडे झालं ते विक्री नव्हे, फ्रँचायझी. तारा, उपकेंद्रं, परवाना महावितरणचाच राहतो आणि दर वीज नियामक आयोगच ठरवतो. कंपनी शहराच्या वेशीवर वीज घेते, आत वाटते, बिलं वसूल करते आणि घेतलेल्या दर युनिटला निविदेत बोललेला दर महावितरणला भरते. उरेल त्यात पगार, दुरुस्ती आणि नफा.

समजा 100 युनिट आत आले. त्यातल्या 80 चं बिल झालं आणि बिलाच्या 90 टक्के वसुली झाली, तर हातात पैसे आले 72 युनिटांचे. म्हणजे हानी 28 टक्के. सरासरी दर 8 रुपये धरला तर 576 रुपये जमले. कंपनीने 5.50 चा दर बोलला असेल तर 550 महावितरणला गेले, उरले 26. हानी 20 टक्क्यांवर आणली की उरतात 90. पण ती प्रत्यक्षात 40 टक्के निघाली तर जमतात 480 आणि 70 रुपये खिशातून घालावे लागतात. मग आधी महावितरणची देणी थकतात, मग डीपी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर) जळाली तरी बदलायला दिवस लागतात.

म्हणूनच एकाच पद्धतीचे निकाल इतके वेगळे आले. यंत्रमागांच्या भिवंडीत 2007 साली टोरंट या खासगी वीज कंपनीने काम घेतलं तेव्हा निम्म्याहून जास्त विजेचे पैसे मिळत नव्हते. काही वर्षांतच हानी निम्म्याहून खाली आली आणि 2017 मध्ये करार वाढवला गेला. जादा बिलांच्या तक्रारी आणि आंदोलनंही तिथे झाली, तीही विसरू नयेत. उलट 2011 मध्ये दिलेली तीनही शहरं महावितरणला परत घ्यावी लागली: तेव्हाचं औरंगाबाद 2014 मध्ये, जळगाव 2015 मध्ये आणि नागपूरचे तीन विभाग 2019 मध्ये.

चोरी कमी होते ती कामामुळे. उघड्या तारांवर आकडा टाकता येतो, आवरण असलेल्या एबी केबलवर नाही. प्रत्येक डीपीला मीटर बसवला की त्याचं रीडिंग आणि त्यावरच्या ग्राहकांच्या बिलांची बेरीज जुळवता येते; फरक दिसला की नेमकी कुठली गल्ली तपासायची ते कळतं. हे महावितरणलाही जमतं. अडतं ते लाईनमनच्या रिक्त जागांवर आणि थकबाकीदाराची वीज तोडायला गेलं की येणाऱ्या पुढाऱ्याच्या फोनवर.

माझं मत स्पष्ट आहे. हानी फार असलेल्या शहरात फ्रँचायझी देऊन पाहायला हरकत नाही. मालकी सरकारचीच हवी. मात्र नफ्याच्या भागात समांतर परवाना, म्हणजे महावितरणच्याच भागात दुसऱ्या कंपनीला वीज विकायची मुभा, देण्याला माझा ठाम विरोध आहे. 2022 मध्ये अदानींनी भांडुप, ठाणे, नवी मुंबई अशा भागांसाठी तो मागितला आणि जानेवारी 2023 मध्ये वीज कर्मचारी संपावर गेले. कर्मचाऱ्यांचा मुद्दा रास्त होता. कारखाने आणि दुकानांच्या चढ्या दरातून शेतीपंपांची वीज स्वस्त पडते. ते ग्राहक निघून गेले तर तो भार उरलेल्या घरगुती ग्राहकांवर किंवा राज्याच्या तिजोरीवर येतो.

तुमच्या शहरात फ्रँचायझीचा प्रस्ताव आला तर तीन गोष्टी मागा. हानीचा मूळ आकडा फीडरवार, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक वाहिनीवर, मोजलेला आहे का; तो अंदाजाने धरला असेल तर कंपनी जास्तीचा दर बोलून बसते आणि पुढे वाद होतो. वेशीवरच्या मीटरचं रीडिंग दोन्ही पक्ष मिळून घेतात का. आणि कंपनीने देणी थकवली तर काम परत घ्यायला महावितरणकडे शहराची माहिती असलेले लाईनमन आणि ग्राहकांच्या नोंदींची ताजी प्रत राहणार आहे का.