‘अनुकूलन’मधले कूल

प्रश्न असा: हवामानबदलावरच्या उपायांचा तक्ता करताना सौर पंप ‘शमना’त घालावा की ‘अनुकूलना’त? आणि ‘अनुकूलना’ऐवजी ‘समायोजन’ का नको?

समायोजन हा हिशेबनिसांचा शब्द, तो त्यांनाच लखलाभ. शमन म्हणजे उत्सर्जन कमी करून मूळ दुखण्यालाच हात घालणे, त्यात सांगण्यासारखे काही नाही. पण ‘हवामान अनुकूलन’ ऐकून ऐकून कान किटले आहेत. वातानुकूलन म्हणजे हवा आपल्या सोयीची करणे. त्याच चालीने हवामान अनुकूलन म्हणजे हवामानच आपल्या सोयीचे करणे! सांगायचे असते नेमके उलट, की बदलत्या हवामानाशी आपण जुळवून घ्यायचे. ‘हवामानबदलाशी अनुकूलन’ म्हणा, त्या एका ‘शी’ने दिशा सुधारते. (वातानुकूलन यंत्र उष्म्यापासून वाचवते आणि वीज कोळशाची असेल तर उत्सर्जन वाढवते. अशा उलटणाऱ्या उपायाला मी अपानुकूलन म्हणतो.)

आता खरी गंमत. कूल म्हणजे काठ. ‘अनुकूल म्हणजे प्रवाहाच्या दिशेने’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी पाणिनी उघडलेला नसतो. ‘तत्प्रत्यनुपूर्वमीपलोमकूलम्’ (४.४.२८) या सूत्रात ईप, लोम आणि कूल असे तीन शब्द ओळीने येतात आणि तिघांनाही ‘प्रति’ आणि ‘अनु’ लागतात. लोम म्हणजे केस, म्हणून अनुलोम-प्रतिलोम. ईप म्हणजे पाणी, ‘अप्’चेच रूप, द्वीपातले आणि प्रतीपातले ‘ईप’ हेच. म्हणजे पाण्याच्या ओघाबरोबर जाण्यासाठी ‘अन्वीप’ हा शब्द वेगळा होताच! मग अनुकूल काय? काठाला धरून. काठ धरून प्रवाहाविरुद्धही नाव नेता येते. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, तर ‘कूल आवरणे’ असा धातूच दिला आहे. पाण्याला आवरते ते कूल, असे मी म्हणतो. व्युत्पत्ती ओढूनताणून आहे म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे. मला मात्र समुद्राची भिंत उंच करणे हे अनुकूलनाचे पहिले उदाहरण म्हणून देतात, त्यात शब्दाचा मूळ अर्थच दिसतो.

भिंतीवरून खर्चाचेही कळते. समजा, समुद्र वाढला नसता तरी तीन मीटरची भिंत लागणारच होती आणि आता साडेतीनची लागते. अनुकूलनाच्या खात्यात फक्त वरच्या अर्ध्या मीटरचा खर्च जातो. तोही सरासरीने काढू नका, कारण मातीचा बांध उंच केला की पायाही रुंद करावा लागतो. अख्खी भिंत अनुकूलनात दाखवणारे आकडा फुगवतात. पण जिथे मुळात भिंतच नव्हती, तिथे ‘फक्त वाढीव’ हा हिशेब हास्यास्पद होतो. जागतिक बँकेने २०१० मध्ये विकसनशील देशांसाठी वर्षाला ७० ते १०० अब्ज डॉलर काढले, ते हवामान बदलले नसते तर जी स्थिती असती तिथवर पुन्हा पोहोचण्याचा खर्च धरून. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२३ मध्ये याच दशकासाठी वर्षाला २१५ ते ३८७ अब्ज सांगितले. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘खर्च तिप्पट झाला’ म्हणणाऱ्यांनी आधी व्याख्या, काळ आणि मोजलेली क्षेत्रे पाहावीत.

अनुकूलनाच्या वर्गीकरणातही असाच गोंधळ. फटका बसण्याआधीचे की नंतरचे, आपसूक की योजलेले, खासगी की सरकारी, बांधकामाचे की कायदा-सवयींचे, या चार वेगवेगळ्या कसोट्या आहेत. त्या एकाच रकान्यात कोंबल्या की एकच बांध चारदा मोजला जातो. आणि काठ धरूनही जे वाहून गेले ते अनुकूलन नव्हेच. त्याला हानी आणि नुकसान म्हणतात आणि २०१५ च्या पॅरिस करारात त्यासाठी आठवे कलम वेगळे आहे, अनुकूलनाचे सातवे.

हं, सौर पंप. डिझेलचा पंप काढून बसवला तर शमन. पाऊस लांबला तरी पीक तगावे म्हणून बसवला तर अनुकूलन. दोन्ही हेतू खरे असतील तर दोन्ही रकान्यांत खूण करा, पण रुपये दोनदा लिहू नका. आणि फुकटच्या उन्हावर दिवसभर उपसा करून भूजल आटवले, तर माझा तिसरा शब्द वर दिलाच आहे.