राजे गेले, दप्तर राहिले

प्रश्न : पर्गामम, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातले राज्य, राजा तिसरा अट्टालस याने मृत्युपत्राने रोमला देऊन टाकले असे वाचले. राज्य असे देता येते का? आणि मग बंड का झाले? (एक वाचक, सांगली)

उत्तर : त्या काळी येत असे. सिकंदरानंतरचे राजे मुलूख भाल्याच्या जोरावर मिळवलेला मानत, म्हणून तो त्यांच्या लेखी स्वतःची मिळकत. अट्टालस इ.स.पू. १३३ मध्ये निपुत्रिक वारला. अ‍ॅरिस्टोनिकस नावाच्या एकाने राजपुत्र असल्याचा दावा सांगून बंड पुकारले. बहुतेक ग्रीक नगरे त्याच्याविरुद्ध उभी राहिली, तरी ते मोडायला इ.स.पू. १२९ उजाडले. पुढची घडी बसवली रोमन कॉन्सल मानिउस अक्विलिउसने, आणि प्रांताला नाव पडले ‘आशिया’.

अधिकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सगळे नवे केले, असे मात्र समजू नका. याच प्रांतातल्या एफेसस नगरात १९७६ मध्ये जकातीच्या कायद्याचा एक मोठा शिलालेख सापडला. तो इ.स. ६२ मध्ये, सम्राट नीरोच्या कारकिर्दीत कोरलेला आहे. आयात-निर्यातीवर अडीच टक्के जकात, माल कुठे नोंदवायचा, न नोंदवला तर काय, असे सगळे त्यात आहे. आणि त्याच कायद्यात, जकातीसाठी राजा अट्टालसकडे असलेल्या इमारतींचा उल्लेख येतो. राजाला मरून १९० वर्षे उलटली, तरी जकातनाक्यांची ओळख त्याच्याच नावाने होती.

प्रश्न : रोमने कर कमी केले असे काही ठिकाणी वाचायला मिळते, तर काही ठिकाणी रोमने आशिया धुऊन नेला असे. खरे काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दोन्ही. जुन्या मॅसिडोनियावर इ.स.पू. १६७ मध्ये १०० टॅलेंटची खंडणी बसली (टॅलेंट म्हणजे ६,००० ड्राक्मा; ड्राक्मा हे चांदीचे ग्रीक नाणे). राजांना जात असे त्याच्या ती निम्मी होती. आशियातही शेतसारा उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचाच. दर हा घोटाळ्याचा मुद्दाच नव्हता. वसुली कोण करतो आणि त्याने पैसा आधी कुठून आणला आहे, हा होता.

इ.स.पू. १२३ मध्ये रोमन लोकनेता गायस ग्राक्खसने कायदा केला, की आशियाच्या कराचा मक्ता रोम शहरातच लिलावाने द्यायचा. पद्धत अशी : मुदत पाच वर्षांची. लिलाव सेन्सॉर या अधिकाऱ्यांपुढे. बोली लावणारा एक, पण त्याच्यामागे भागीदारांची अख्खी मंडळी; जामीनदार द्यायचे, आणि जमीन तारण लावायची. बोली सुटली की रोमच्या खजिन्यात भरायची रक्कम ठरली. पीक किती येवो, प्रांतात दुष्काळ पडो, ती बदलत नाही. मग मक्तेदारांची माणसे प्रांतात जाऊन नगरागणिक ठोक रकमेचे करार करत.

यात बिघाड तीन ठिकाणी होई. पहिला बोलीतच. चढाओढीत बोली इतकी चढे की वसुलीतून ती निघत नसे. इ.स.पू. ६१ मध्ये आशियाच्या मक्तेदारांनी स्वतःच सेनेटपुढे रडगाणे गायले, की आमची बोली फार झाली, करार रद्द करा. सेनेटर केटोने ते अडवून धरले, शेवटी इ.स.पू. ५९ मध्ये सीझरने एक तृतीयांश सूट दिली. दुसरा बिघाड न्यायालयात. सुभेदारांवरचे खटले ऐकणारे पंच मक्तेदारांच्याच वर्गातून येत. आशियात मक्तेदारांना आवरणाऱ्या रुटिलिउस रूफसला इ.स.पू. ९२ मध्ये लुटीच्याच आरोपाखाली दोषी ठरवले. तो परागंदा होऊन राहिला कुठे? ज्या प्रांताला त्याने लुटले म्हणे, त्याच प्रांतात, स्मर्ना येथे. हा एक दाखला माझ्या मते सगळ्या पद्धतीची परीक्षा करायला पुरेसा आहे.

तिसरा बिघाड सर्वांत जिव्हारी लागणारा : कर्ज. इ.स.पू. ८८ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याने आशियात इटालियन लोकांची कत्तल घडवली. रोमन सेनापती सुल्लाने त्याला हटवल्यावर प्रांतावर २०,००० टॅलेंटचा दंड बसवला, वर सैनिक घरोघर उतरवले. यजमानाने प्रत्येक सैनिकाला रोज १६ ड्राक्मा आणि त्याच्यासह त्याच्या पाहुण्यांना जेवण द्यायचे; तुकडीच्या अधिकाऱ्याला ५० ड्राक्मा आणि दोन पोशाख. नगरांनी पैसा रोमन सावकारांकडून उचलला. थिएटरे, व्यायामशाळा, बंदरे गहाण पडली. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, की मूळ रकमेच्या दुप्पट फेडूनही देणे १,२०,००० टॅलेंटवर गेले होते. हे कसे, ते आकड्यांत पाहा : दरसाल १२ टक्क्यांनी चक्रवाढ धरली तर रक्कम सहापट व्हायला जवळपास १६ वर्षे लागतात. ४८ टक्क्यांनी साडेचार वर्षेच. आणि ४८ टक्के हा काल्पनिक दर नाही. सायप्रसमधल्या सालामिस नगराकडे रोमन सेनेटर ब्रूटसच्या माणसाने तोच मागितला होता. वसुलीसाठी त्याने घोडदळ लावून नगरसभा तिच्याच सभागृहात कोंडली, आणि पाच सभासद उपासमारीने मेले. इ.स.पू. ५० च्या सुमारास सिसेरो तिथला सुभेदार असताना त्याने १२ टक्क्यांचा हिशेब काढला, तो १०६ टॅलेंट निघाला. सावकाराचा दावा जवळजवळ २०० चा. नगर पैसे मोजून द्यायला तयार होते, तरी सिसेरोने प्रकरण तसेच सोडले. तो चांगला सुभेदार होता, हे मान्य करूनही ही गोष्ट मनाला लागते.

रोमन सेनापती लुकुल्लसने त्याआधी, इ.स.पू. ७० च्या सुमारास, आशियात हा गुंता सोडवून दाखवला होता. महिना एक टक्क्यापेक्षा जास्त व्याज नाही. मुद्दलापेक्षा जास्त झालेले व्याज रद्द. आपल्याकडच्या दामदुपटीच्या नियमासारखेच. ऋणकोच्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त सावकाराने घ्यायचे नाही. आणि ज्याने व्याज मुद्दलात मिळवले, त्याचे सगळेच बुडाले. चार वर्षांच्या आत देणी फिटली.

प्रश्न : इजिप्तमध्ये खानेसुमारीची कागदपत्रे सापडतात ती कशी असतात? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : बोलकी असतात. इजिप्त इ.स.पू. ३० मध्ये क्लिओपात्राच्या मृत्यूनंतर रोमकडे आले. टोलेमी राजांचे जिल्हे, जिल्ह्याचा ‘स्ट्राटेगोस’, राजलेखक, गावलेखक ही उतरंड ऑगस्टसने ठेवली. कागद ग्रीकमध्येच चालू राहिला, लॅटिन लष्करापुरती आणि रोमन नागरिकांच्या काही दस्तांपुरती. नवे होते ते वर : सेनेटरऐवजी अश्वारोही या सेनेटरांखालच्या श्रीमंत वर्गातला सुभेदार, म्हणजे प्रीफेक्ट, आणि सेनेटरांना परवान्याशिवाय प्रवेशबंदी, कारण रोमचे धान्य इथून जात असे.

खानेसुमारी दर १४ वर्षांनी. हा आकडा सहज निवडलेला नव्हता. डोईपट्टी पुरुषांना १४ व्या वर्षापासून लागे. म्हणजे एका खेपेला नोंदलेले प्रत्येक बाळ पुढच्या खेपेपर्यंत करपात्र. घरमालकाने एका पपायरसवर लिहून द्यायचे : घर कोणत्या भागात, त्यात आपला हिस्सा किती, राहणारी माणसे, नाती, वये, गुलाम. अंगावरची खूणही, जसे नडगीवरचा व्रण. शेवटी शपथ. एकच अर्ज अनेक अधिकाऱ्यांना वेगवेगळ्या प्रतींत जाई.

इजिप्तच्या फायूम भागात डोईपट्टी खेडुताला वर्षाला ४० ड्राक्मा, जिल्ह्याच्या शहरातल्या नोंदलेल्या नागरिकाला २०. रोमन आणि अलेक्झांड्रियाचे नागरिक माफ. त्यामुळे ‘मी कोण’ हे सिद्ध करणारा कागद पिढ्यान्‌पिढ्या जपला जाई. चूक होई ती अशी : माणूस कर चुकवायला गाव सोडून पळाला, की तूट उरलेल्या गावकऱ्यांवर वाटली जाई, आणि मग आणखी माणसे पळत. इ.स. १०४ मध्ये प्रीफेक्ट विबिउस माक्सिमसला हुकूम काढावा लागला, की परगावी असलेल्यांनी खानेसुमारीसाठी आपापल्या घरी परतावे.

प्रश्न : आपल्याकडून गेलेल्या मालावर रोमन कर लागत असे का? (एक वाचक, धाराशिव)

उत्तर : लागत असे, चौथाई, म्हणजे २५ टक्के. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठण आणि तगर, म्हणजे तुमच्या जिल्ह्यातले तेर, यांचा माल भडोचला उतरत असल्याचे लिहिले आहे : पैठणचे गोमेदासारखे दगड, तगरचे सुती कापड. तगर ते पैठण दहा दिवसांची वाट. कल्याण पूर्वी खुले बंदर होते. नंतर तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही त्यात आहे.

तिकडची रीत केरळच्या किनाऱ्यावरच्या मुझिरिस बंदराच्या व्यापारातल्या दुसऱ्या शतकातल्या एका कर्जकरारावरून कळते. तांबड्या समुद्रावरून माल उंटांवरून पहाऱ्यात नाईलकाठच्या कोप्टोसला, तिथून नाईलने अलेक्झांड्रियाला, आणि चौथाई वसूल होण्याच्या सरकारी वखारीत सीलबंद. कागदाच्या पाठीमागे ‘हर्मापोलॉन’ जहाजाच्या मालाचा हिशेब आहे, त्यात गंगेकडच्या जटामांसीच्या ६० पेट्या आहेत. चौथाई वजा जाता उरलेल्या मालाची किंमत लिहिली आहे ११५४ टॅलेंट, २८५२ ड्राक्मा.