ओठांत फिलर भरताना सुई बरी की कॅन्युला?

तुमचा प्रश्न असा आहे की, कोथरूडच्या एका दवाखान्यात सुईने ‘रशियन पद्धतीने’ फिलर (ओठ भरीव करणारी जेल) भरू असे सांगितले, डेक्कनवरच्या दुसऱ्या दवाखान्यात कॅन्युलाच (बोथट टोकाची बारीक नळी) सुरक्षित असे सांगितले, आणि ओळखीच्या पार्लरवाल्या ताई हेच काम बिनसुईच्या पेनने निम्म्या पैशात करून देतो म्हणतात. तर मार्गशीर्षातल्या लग्नाआधी यांतले काय निवडावे? मी पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि ओठांत फिलर देतो. सुई की कॅन्युला यावर आमच्यात वाद होतात खरे, पण परिणाम कसा येईल हे मुख्यतः औषध किती खोलवर आणि किती प्रमाणात सोडले यावर ठरते.

ओठाला रक्त पुरवणारी धमनी बहुतेकांमध्ये स्नायू आणि आतली ओलसर त्वचा यांच्या मधून जाते, काहींमध्ये ती स्नायूतच असते, आणि तिची वाट माणसागणिक बदलते. म्हणून लाल ओठात सुईचे टोक दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नये, हा शिकवताना सांगितला जाणारा पहिला नियम. नेहमीच्या सरळ रेषेच्या पद्धतीत बारीक सुई ओठाच्या कडेला समांतर आत नेतात आणि बाहेर काढता काढता हायल्युरॉनिक अ‍ॅसिडची जेल सोडतात. मेंदीच्या कोनातून निघावी तशी एकसारखी बारीक रेघ आत पडायला हवी. दट्ट्या मागे ओढून रक्त येते का हे पाहतात, पण जेल घट्ट असल्यामुळे रक्त आले नाही एवढ्यावर विसंबता येत नाही. त्यापेक्षा हात सावकाश चालवणे, सुई एका जागी स्थिर न ठेवणे आणि प्रत्येक ठिकाणी अगदी थोडे औषध सोडणे जास्त उपयोगी पडते.

रशियन म्हणवली जाणारी पद्धत म्हणजे ओठाच्या कडेपासून मध्याकडे उभ्या रेषांत, पुष्कळ टोचण्यांनी, थोडे थोडे औषध सोडणे. त्यामुळे ओठ पुढे न येता मधोमध उचललेला दिसतो; मात्र सूज आणि काळेनिळेपणा जास्त येतो, आणि हात सराईत नसेल तर जेल कडेच्या वर सरकून ओठावर मिशीच्या जागी फुगवटा दिसतो. कॅन्युला बोथट असते. तोंडाच्या कोपऱ्याजवळ एक छिद्र करून तिने बराचसा ओठ भरता येतो आणि रक्त कमी साकळते. कडा रेखीव करायला मात्र ती सुईइतकी सोयीची नाही. शिवाय २७ गेज (गेज हे जाडीचे माप; आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक) किंवा त्याहून बारीक कॅन्युला जवळजवळ सुईइतक्याच सहजपणे धमनीत शिरू शकते, त्यामुळे ‘कॅन्युला म्हणजे सुरक्षित’ हे विधान २५ गेजच्या आसपासच्या जाड कॅन्युलेपुरतेच बऱ्यापैकी खरे आहे. मी स्वतः कडेसाठी सुई आणि भरावासाठी कॅन्युला वापरतो.

पहिल्या वेळी अर्धा ते एक मिलिलिटर पुरते. आपल्याकडे पुष्कळांचे ओठ मुळातच भरलेले असतात आणि खरी तक्रार रंगाची असते. फिलरने ओठांचा काळेपणा जात नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे.

धमनीत जेल शिरली किंवा तिच्यावर दाब आला, तर त्वचा पांढरी पडते, मग जाळीदार जांभळट होते, आणि बोटाने दाबून सोडल्यावर रंग लवकर परत येत नाही. भूल दिलेली असल्याने दुखणे लपू शकते. अशा वेळी हायल्युरोनिडेज हे जेल विरघळवणारे औषध तातडीने आणि भरपूर द्यावे लागते. ते दवाखान्यात हजर आहे का आणि रात्री त्रास झाला तर कोण फोन उचलेल, हे दोन्ही डॉक्टरांना जरूर विचारा. तुम्हाला मधमाशीच्या दंशाची अ‍ॅलर्जी असेल, तर या औषधाचीही असू शकते. तेही आधी सांगा.

पेनबद्दल माझे मत स्पष्ट नकाराचे आहे. त्यात दाबाने औषध त्वचेत ढकलले जाते आणि ते किती खोल जाईल यावर कोणाचेही नियंत्रण राहत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०२१ साली अशा बिनसुईच्या उपकरणांनी फिलर घेऊ नये, असा इशारा दिलेला आहे.

तोंडावर कधी ‘जर’ (ओठाजवळ येणारे हर्पीसचे फोड) उठत असेल, तर आधी सांगा, म्हणजे प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि खरा आकार साधारण दोन आठवड्यांनी कळतो. म्हणून कोजागरीच्या सुमारास भरून घेतलेत, तर दिवाळीपर्यंत अंदाज येईल आणि काही कमी वाटले तर तुळशीच्या लग्नाच्या आसपास थोडे वाढवायला वेळ उरेल.